न मोजलेले घास

वुबालेमचं वजन बारा किलो जास्त होतं, आणि ते उतरलं नाही तर तिचा धाकटा भाऊ मरणार होता. गोष्ट इतकी सरळ होती. पण कुणाला सांगायला जावं तर ऐकणारा आधी तिच्या पोटाकडे बघायचा आणि मग हसू दाबायचा, म्हणून तिने सांगणंच सोडून दिलं; घरीही तपासण्या चालू आहेत एवढंच म्हणाली.

एन्दाले जिबूतीच्या रस्त्यावर मालट्रक चालवायचा. उन्हातान्हात पाणी न पिता तासन् तास गाडी हाकायची, दुखलं की गोळी खायची, असं पंधरा वर्षं चाललं आणि एक दिवस दोन्ही किडन्या बसल्या. आता तो आठवड्यातून दोनदा इस्पितळात जाऊन रक्त धुऊन यायचा आणि उरलेले दिवस गुलेले वस्तीतल्या घरात दाराशी स्टुलावर बसायचा. आमच्याकडे किडनी रक्ताच्या नात्यातल्यानेच द्यायची, बाहेरच्याची चालत नाही. आई अस्नाकेच म्हातारी, त्यात साखरेचा आजार. बाप कधीच गेलेला. राहता राहिली वुबालेम, नवऱ्याला सोडून माहेरी आलेली, मूलबाळ नसलेली. तिचं रक्त जुळलं, बाकीचंही सगळं जुळलं. आईने चर्चच्या उंबऱ्यावर ओठ टेकले ते बराच वेळ उचललेच नाहीत. आणि मग डॉक्टरांनी वुबालेमला काट्यावर उभं केलं.

"एवढ्या वजनावर मी तुमचं पोट उघडणार नाही," डॉक्टर म्हणाले. "एकाला वाचवायला दुसऱ्याला मारायचं, हा धंदा मी करत नाही. वजन उतरवा. मग या."

"उतरवते की," वुबालेम म्हणाली. "त्यात काय?"

त्यात काय, हे तिला नंतर कळलं. बाई तेफ या बारीक धान्याचं पीठ आंबवून त्याच्या इंजेरा, म्हणजे मोठ्या आंबट पोळ्या, भाजून पोट भरणारी. आसपासच्या चार खानावळींना तिच्याच घरची इंजेरा जायची. प्रत्येक घाण्याची पहिली इंजेरा तव्यावरून उतरली की तोडून तोंडात टाकायची, आंबटपणा बघायचा, मगच पुढचं पीठ ओतायचं, ही वीस वर्षांची सवय. असल्या बाईचं अंग कसं असणार? हवेतून नव्हतं वाढलेलं.

डॉक्टरांनी तिला आहारवाल्या मुलीकडे पाठवलं. हिरुत तिचं नाव. कोवळी पोर, पण जिभेला धार होती.

"दिवसाला किती इंजेरा खाता, वुबालेमताई?"

"भूक लागेल तेवढ्या."

"तसं नाही चालायचं. एका इंजेरात किती कॅलरी जातात ते आधी काढू."

भिंतीवर तक्ता लावलेला होता. त्यात इंजेरासमोर एक आकडा होता. वुबालेमने तो वाचला आणि नाक मुरडलं.

"ही कुणाच्या घरची इंजेरा?"

"म्हणजे?"

"अगं पोरी, माझी वेगळी, शेजारणीची वेगळी. कुणी तेफच्या पिठात ज्वारी मिसळतं, कुणी तांदूळ घालतं. कुणाचं पीठ दोन दिवस आंबतं, कुणाचं चार. मी थोडं पीठ शिजवून परत टबात घालते, त्याने जाळी चांगली पडते. त्यात थंडीत एक जाड होते आणि उन्हाळ्यात दुसरी पापडासारखी. हा तुझा तक्ता लिहिणाऱ्याने कुठल्या घरी जेवून लिहिलं?"

हिरुतला हसू आलं. "बरोबर बोलताय. म्हणून घरचा आकडा घरीच काढायचा. पाणी विसरून जा, पाण्यात काही नसतं. टबात पीठ किती पडलं ते तोला, आणि त्यातून इंजेरा किती निघाल्या ते मोजा. पिठाच्या कॅलरी मला पाठ आहेत. भागिले इंजेरा. झालं."

"आणि आंबतं ते? ते विरजण पीठ खातं ना थोडं?"

"खातं. पण मुंगीएवढं. त्याची सूट धरू नका."

"म्हणजे तीन दिवस फुगून बसतं आणि माझ्या वाट्याचं काही कमी करत नाही मेलं!"

घरी येऊन तिने पीठ तोललं. तीन किलो पिठाच्या पंचवीस निघाल्या. पुढच्या खेपेला हिरुतने आकडेमोड केली तर एकेक इंजेरा चारशेच्या वर गेली. वुबालेम खुर्चीत बसल्या बसल्या गार पडली. सकाळच्या नुसत्या चवीतच ती एक अख्खी संपवायची. ठरलं असं की दिवसाला तीन, वर पिठल्यासारखा पातळ शिरो, लोणी बंद, चव घेणं बंद. आंबटपणा नुसत्या वासावर ओळखायचा.

आणि तिने ते पाळलं. हे नीट ऐकून ठेवा, कारण पुढे तिच्यावर लबाडीचा आळ आला. तिने खरोखर पाळलं. तव्यावरून इंजेरा उतरताना तोंडाला पाणी सुटायचं, डोळ्यांत पाणी यायचं, पण हात तोंडाशी गेला नाही. मोठा उपास चालू होता, सगळी गल्ली लोण्यामांसाशिवाय दिवस काढत होती, तेव्हा ती त्यांच्याहूनही कमी खात होती. तीन आठवड्यांनी काट्यावर उभी राहिली तर काटा होता तिथेच.

"ताई, खरं सांगा," हिरुत म्हणाली.

"आईशप्पथ, पोरी."

"ताटात किती घेता?"

"तीनच. दीड सकाळी, दीड संध्याकाळी. गुंडाळ्या करून बाजूला ठेवते."

"आणि खाली अंथरलेली?"

"कुठली?"

"ताटात खाली इंजेरा अंथरतो ना आपण, तिच्यावर कालवण वाढतो. ती शेवटी कोण खातं?"

"ती? ती तर ताट आहे गं! ताट कुणी मोजतं का?"

हिरुतने कपाळाला हात लावला. कालवणाचं सगळं तेल त्या खालच्या इंजेरात मुरतं, सगळ्यात चविष्ट तीच, आणि जेवण संपता संपता सगळे तीच पुसून खातात. तेव्हापासून वुबालेम अंथरलेलीही मोजू लागली. दोन किलो उतरले. पुढे काटा पुन्हा रुतला तो रुतलाच.

आता डॉक्टर वैतागले. एन्दालेच्या हाताची शीर निकामी होत चालली होती, सुई टोचायला जागा मिळेना. "पावसाळा संपेपर्यंत," ते म्हणाले. "त्यापुढचं मला विचारू नका."

त्या दिवशी वुबालेम हिरुतच्या खोलीत येऊन ढसाढसा रडली. माझ्या अंगात देवाने दगड भरलेत, म्हणाली. मी चोरून खाते असं तुलाही वाटतं ना, म्हणाली. हिरुतने तिला रडू दिलं, आणि मग म्हणाली, "जेवायला बसता ते मला करून दाखवा. कोण कुठे बसतं, काय उचलतं, सगळं."

वुबालेमने डोळे पुसले आणि टेबलावर दाखवायला लागली. "हे ताट. एकच ताट, मी आणि एन्दाले. लहानपणापासून आम्ही एकाच ताटात. आई मागाहून जेवते, पण चुलीपाशी बसून लक्ष ठेवते, त्याने खाल्लं की नाही. मी इथे, तो इथे. मी इकडून तोडते. तो तिकडून तोडतो, गुंडाळतो, कालवणात बुडवतो, गुर्शा देतो, मग मी..."

"थांबा. गुर्शा देतो?"

"देतो ना. भाऊ आहे."

"किती?"

वुबालेमला प्रश्नच कळला नाही. गुर्शा म्हणजे जेवताना आपल्या हाताने दुसऱ्याच्या तोंडात भरवलेला घास. तो काय खाणं असतं? ती माया असते. आणि आमच्याकडे एक घास देऊन कुणी थांबत नाही. एकाने भांडण होतं, दोनाने ताटातूट, तिसऱ्याने माया जुळते, असं म्हणतात, म्हणून तीन तर द्यावेच लागतात. नाही म्हणायचं नसतं. नाही म्हणणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं.

"तीन," ती म्हणाली. मग थांबली. "कधी सहा. हल्ली जरा जास्तच देतो. आजारी माणूस हळवं होतं."

"केवढा असतो घास?"

तिने मूठ करून दाखवली. मुठीएवढ्या घासात शंभराच्या आसपास कॅलरी जातात, दोन वेळचे मिळून किती होतात, हे वुबालेमला आता कुणी सांगायला नको होतं. पण तिच्या डोक्यात दुसरंच काही फिरायला लागलं. लहानपणी हा पोरगा ताटातलं सगळं स्वतःकडे ओढायचा. गुर्शा द्यायचा तर एवढासा, चिमणीला दाणा टाकावा तसा. मग आताच हा एवढा दानशूर कधी झाला?

त्या संध्याकाळी ती ताटाशी बसली आणि खाली न बघता भावाच्या तोंडाकडे बघत राहिली. एन्दालेने तोडलं, गुंडाळलं, बुडवलं, तिच्या तोंडात घातलं. पुन्हा तोडलं, तिच्याच तोंडात घातलं. मध्येच हात स्वतःच्या तोंडाकडे नेला, ओठांना लावला आणि रिकामाच खाली आणला. आणि त्याचा जबडा हलत होता. चुलीपाशी बसलेल्या आईला दिसावं म्हणून तो रिकाम्या तोंडाने चावत होता.

"संपवलंत सगळं?" आईने ताट उचललं. "देव पावला गं बाई. खातोय माझा लेक."

वुबालेमच्या तोंडात त्याचा शेवटचा घास होता. तो तिला गिळवेना आणि थुंकवेना.

आता सांगा, काय करायचं? त्याला सांगायचं की बाबा रे, तुझ्याच हाताने तू तुझं मरण जवळ आणतोयस, मला भरवून भरवून? हे ऐकून तो त्याच रात्री खचला असता. आईला सांगायचं की तुझा लेक महिनोन् महिने जेवतच नाहीये? म्हातारीने अंथरूण धरलं असतं. वुबालेमने सगळ्या बाजूंनी विचार केला आणि तिला एकच वाट दिसली. दुसऱ्या दिवशी ती स्वतःचं ताट वेगळं घेऊन कोपऱ्यात बसली.

आई चुलीपाशी उठून उभी राहिली. "हे गं काय?"

"माझ्या पोटाला आराम हवाय. मोजून खायचंय."

"मोजून खायचंय तर त्याच्या ताटात मोज! घरात वेगळं ताट? महारोग झालाय का कुणाला? एकटं खाणारा एकटाच मरतो, ऐकलंयस ना?"

"आई, राहू दे," एन्दाले म्हणाला. "खाऊ दे तिला."

त्याने एक घास गुंडाळला होता, तो हातातच राहिला. एकदा त्याने हात लांब केला, वुबालेमने मान खाली घातली. त्याने हात मागे घेतला. त्यानंतर त्याने पुन्हा हात केला नाही, आणि दोन-तीन दिवसांनी आपलं ताट घेऊन दाराबाहेर स्टुलाशी बसायला लागला. ताट चाटूनपुसून परत यायचं, म्हणून आई त्याला बोलली नाही. बोलायची ती लेकीला. सगळे टोमणे लेकीच्या वाट्याला.

पण वजन! वजन असं उतरलं की हिरुतने टाळ्या वाजवल्या. वुबालेमच्या गालांची हाडं दिसायला लागली, गल्लीतल्या बायका विचारायला लागल्या की काय गं, दुखणं नक्की कुणाला आहे. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. ती कोपऱ्यात बसून कोरडे तुकडे चावायची, दाराकडे पाठ करायची आणि मनात म्हणायची, थोडे दिवस, राजा, थोडेच दिवस. मग सगळं सांगेन तुला. मग तुझ्या हातचे दहा घास खाईन.

पावसाळ्याच्या शेवटी डॉक्टरांनी काटा बघितला आणि पहिल्यांदा तिच्याशी हसून बोलले. आता फक्त समितीपुढे जायचं होतं. देणाऱ्यावर कुणाची जबरदस्ती नाही ना, एवढंच समिती विचारते, दोघांना वेगवेगळं बसवून. वुबालेम आत गेली आणि पाच मिनिटांत उड्या मारायच्याच बाकी ठेवून बाहेर आली. मग एन्दाले आत गेला. त्याला वेळ लागला.

मग तिला परत बोलावलं. मधल्या खुर्चीवरच्या बाईंनी चष्मा काढून ठेवला होता.

"तुमच्या भावाने नकार दिलाय. ते म्हणतात, तुमची मनापासून तयारी नाही."

"काय?"

"ते म्हणतात, तुम्ही आईच्या धाकाने आलात."

"त्याला काय कळतंय! आजारी आहे तो! मला विचारा ना, मी सांगते ना!"

"बाई, घेणाराच असं म्हणाला की आमचे हात बांधले जातात. दोघं पुन्हा अर्ज करा. पुढची बैठक मेस्कलच्या सणानंतर."

इस्पितळाच्या अंगणात निलगिरीखाली बाक होता. एन्दाले तिथे बसला होता. वुबालेम त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि तिचा आवाज असा फुटला की फाटकावरचा पहारेकरी वळून बघायला लागला.

"का रे? का केलंस असं? मूर्खा, का?"

"ओरडू नकोस, ताई. बस."

"नाही बसत! सांग आधी."

"तू माझ्या हातचा घास घेईनाशी झालीस," एन्दाले म्हणाला. "ताट उचलून कोपऱ्यात गेलीस. माझ्याकडे पाठ करून जेवायला लागलीस. मला वाटलं, तुला माझी किळस यायला लागली. नाहीतर भीती वाटते आणि आईपुढे बोलता येत नाही. मला त्याचा राग नव्हता गं. मलाही वाटली असती भीती. म्हटलं, आपणच सोडवावं हिला."

वुबालेम बाकावर बसली. मग तिने सगळं सांगितलं. बारा किलो, हिरुतचा हिशेब, मुठीएवढे घास, त्याचा रिकामा जबडा, सगळं. एन्दाले ऐकत राहिला. मध्ये एकदा फक्त विचारलं, "किती असतं म्हणालीस एका घासात?"

"शंभर. जरा कमीजास्त."

"आणि मी तीन-तीन देत होतो. वरून आणखी तीन." तो आपल्या हाताकडे बघत होता. "मला जातच नव्हतं गं, ताई. तोंडात घातलं की लोखंडाची चव यायची. आई तिकडून बघणार. म्हटलं, तुझ्या तरी अंगी लागेल. तू एवढं द्यायला निघालीस मला, तुझ्या अंगात ताकद नको?"

"हो रे."

"सांगायचंस ना मला. शेजारच्या कोंबड्यांना टाकलं असतं. आताही तेच करतोय, दाराबाहेर बसून. त्यांना कळलंय, मी ताट घेऊन आलो की धावत येतात." तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचा श्वास अडकला. "कोंबड्यांना टाकलं असतं, ताई. एवढंच करायचं होतं."

ती त्याला हाताला धरून परत आत घेऊन गेली. खोलीला कुलूप होतं. समिती जेवायला गेली होती आणि तिथूनच आपापल्या घरी जाणार होती. नवीन अर्ज त्यांनी त्याच दिवशी केला.

एन्दाले मेस्कलच्या आधीच, आमच्या नव्या वर्षाच्या आठवड्यात गेला. टेकड्यांवर पिवळी फुलं आली होती, पोरी दारोदार गाणी म्हणत फिरत होत्या, आणि घरासमोर दुखवट्याचा मांडव पडला. अस्नाकेच येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होती, "शेवटपर्यंत खाल्लं हो माझ्या लेकाने. एक दिवसही ताटात काही टाकलं नाही. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय." वुबालेम तिच्या शेजारी बसून होती. तिने मान हलवली, हो म्हणाली, प्रत्येक वेळी हो म्हणाली.

मेस्कल झाला. समितीच्या बैठकीचा दिवस आला तेव्हा वुबालेम सकाळी उठली, डोक्यावरून पांढरी शाल घेतली आणि आईला काही न सांगता इस्पितळात गेली. का गेली, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. वजन अजून तेवढंच होतं, एक घासही वाढला नव्हता. खिडकीपाशी रांग होती, ती रांगेत उभी राहिली.

"काय काम आहे?" खिडकीतल्या माणसाने विचारलं.

"किडनी द्यायचीय. सगळ्या तपासण्या झाल्यात. वजनही बसतंय."

"कुणाला द्यायची?"

"कुणालाही. ज्याला लागेल त्याला."

त्याने कागदावरून मान वर केली. बाई वेडी दिसत नव्हती, तेव्हा जरा मऊ झाला. "तसं नाही घेता येत, ताई. नात्यातलंच लागतं. तुमच्या नात्यात कुणाला गरज आहे का?"

"नाही," वुबालेम म्हणाली. "आता कुणालाच नाही."

"मग देवाचे आभार माना," तो म्हणाला आणि तिच्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं.